पडवीतला खून: रहस्यकथा आणि नाट्यवाचन नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

गेल्या सात पावसाळ्यांत आमच्या पडवीत निदान तीस खून झाले असतील. विषाचे, गळा दाबून केलेले, आणि एक चक्क विहिरीत ढकलून. पहिल्या वर्षी शेजारच्या काकूंनी सकाळी गडग्यापलीकडून विचारलं होतं, "काल रातीक कोण आरडत होता गो?" आता त्याच काकू आमच्याकडे पोलीस इन्स्पेक्टर वाचतात, आणि चांगल्या दरडावून वाचतात.

आम्ही वेंगुर्ल्याच्या बाजूला राहतो. रहस्यकथा, भुताखेतांच्या नि जादूच्या गोष्टी वाचायला आवडतात, पण आवडीचं बोलायला माणूस मिळत नाही, अशी तक्रार बरेच जण करतात. सोबतीने नाटक वाचणं हा त्यावर सोपा उपाय आहे. रंगमंच नको, पाठांतर नको, पैसेही जवळजवळ नकोत. फक्त काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. त्या न ठरवता आम्ही सुरुवात केली आणि पहिली तिन्ही वाचनं फसली. तुमची फसू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

मला स्वतःला चोरून शेवट वाचायची खोड. कादंबरी निम्म्यावर आली की बोट आपोआप शेवटच्या पानाकडे जायचं. एकट्याने वाचताना ते पान आपल्याच हातात असतं, अडवणार कोण? चारचौघांत मोठ्याने वाचताना ते हातातून काढून घेता येतं. खाली सांगितलेलं बहुतेक सगळं शेवटी त्या एकाच पानाच्या बंदोबस्तासाठी आहे.

आधी स्वतःची चव ओळखा

वाचनालयात रहस्य, गूढ, भय आणि अद्भुत हे चौघे एकाच फळीवर बसलेले असतात. सोबत वाचायचं तर ते वेगळे काढायला हवेत, कारण प्रत्येकाला मोठ्याने वाचायची रीत निराळी.

रहस्यकथेत कोणी केलं, कसं केलं हा प्रश्न असतो आणि शेवटी त्याचं उत्तर मिळतं. नव्या माणसाने बाबूराव अर्नाळकरांच्या छोट्या कादंबऱ्यांपासून सुरुवात करावी. त्यांनी हजाराहून जास्त लिहिल्या, त्यामुळे जुन्या वाचनालयात दोन-चार तरी सापडतातच. धनंजय, झुंजार, काळापहाड ही त्यांची माणसं. एका बैठकीत पुस्तक संपतं. भाषा जुनी आहे, योगायोग भरपूर आहेत, पण पुढे काय होणार ही ओढ सुटत नाही. हसू आलं तर हसा, आम्हीही हसतो.

गूढकथेत उत्तर मिळेलच असं नाही. रत्नाकर मतकरींच्या (१९३८–२०२०) गूढकथा इथे पहिल्या घ्याव्यात. त्या बहुधा नेहमीच्या घरात, नेहमीच्या माणसांत सुरू होतात आणि शेवटच्या काही ओळींत पायाखालची जमीन सरकवतात. मोठ्याने वाचायला त्यांच्याइतकं सोयीचं फार थोडं आहे. नारायण धारप (१९२५–२००८) भयकथेचे. त्यांचा 'समर्थ' हा नायक अघोरी शक्तींशी लढतो. धारपांच्या कादंबऱ्या लांब आहेत, भीती हळूहळू चढते, म्हणून त्या एकट्यानेच, रात्री, लाईट गेलेले असताना वाचाव्यात. सोबत वाचायला आम्ही एकदा घेतली होती. तिसऱ्या दिवशी निम्मे लोक आलेच नाहीत. भीती हे कारण नव्हतं, मधला भाग ऐकायचा राहून गेल्यामुळे धागा तुटला होता.

आपल्या मातीतलं गूढ हवं असेल तर चिं. त्र्यं. खानोलकर. वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई इथे १९३० साली जन्मलेला हा माणूस कविता 'आरती प्रभू' या नावाने लिहायचा. 'कोंडुरा' आणि 'रात्र काळी, घागर काळी' या त्यांच्या कादंबऱ्यांत कोकण आहे, पण सहलीच्या जाहिरातीतलं नव्हे. नवस, शाप, दैव, देवळातला अंधार, माणसाच्या मनातला त्याहून गडद अंधार. कोंडुरा हे वेंगुर्ल्याजवळ समुद्रकाठचं खरंखुरं ठिकाण आहे. तिथल्या खडकांवर भरतीच्या वेळी पाण्याचा जो आवाज येतो, तो ऐकून मग पुस्तक हातात घ्यावं. नवख्याला मात्र खानोलकर जड जातात. पहिल्या वर्षी नकोच.

घरात मुलं असतील तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' हे बालनाट्य तर चेटकिणीसाठीच वाचावं. चेटकीण कोणी वाचायची यावरून आमच्याकडे दोन भावंडांत मारामारी झाली, शेवटी एकेक अंक वाटून दिला.

महिनाभर असं एकट्याने वाचून पाहा. एकच शिस्त पाळा: खुनी उघडा पडायच्या आधी पुस्तक मिटा, आपला अंदाज कागदावर लिहा, मगच पुढे जा. अंदाज चुकला तरी काही बिघडत नाही. आपण कुठे फसलो ते शोधायला दोन पानं मागे जावं लागतं, आणि लेखकाने तो दुवा आपल्या डोळ्यांदेखत कसा ठेवला होता ते तेव्हा दिसतं. या वाचनातला निम्मा आनंद मला त्या मागे जाण्यातच मिळतो.

माणसं किती आणि कधी

पाच ते नऊ. चारांत प्रत्येकाला तीन-तीन पात्रं वाचावी लागतात आणि घोळ होतो. दहाच्या पुढे गेलं की मागे बसलेले गजाली मारायला लागतात.

सगळे वाचणारे हवेत असंही नाही. निव्वळ ऐकणारी दोन माणसं असली की वाचणाऱ्यांना हुरूप येतो. आमच्या सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, त्या ऐकायलाच बसतात. पण त्यांच्याविषयी पुढे सांगते, कारण आमच्यातल्या खऱ्या डिटेक्टिव्ह त्याच.

काळ निवडताना कोकणचं वर्ष डोळ्यांसमोर ठेवा. एप्रिल-मे आंब्याचे आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचे, तेव्हा कोणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. जून संपता संपता भाताची लावणी सुरू होते. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, त्यामुळे दर्यावर जाणारी माणसं त्या दोन महिन्यांत घरी सापडतात, ती हक्काची. लावणी उरकल्यापासून गणपतीची साफसफाई सुरू होईपर्यंतचे तीन-चार आठवडे सगळ्यात चांगले. गणपतीत भजनं, मग भातकापणी, आणि कार्तिकापासून जत्रा. जत्रेत दशावताराचं नाटक असताना तुमच्या पडवीत कोणी येणार नाही, येऊही नये.

वेळ जेवणानंतरची नको, लोक पेंगतात. आम्ही साडेपाचला बसतो आणि साडेआठला उठतो.

नाटक निवडणं

पहिल्यांदा एकांकिका किंवा श्रुतिका घ्या. श्रुतिका रेडिओसाठी, म्हणजे कानासाठीच लिहिलेली असते. कोण आलं, कोण गेलं, दार वाजलं, सगळं बोलण्यातून आणि आवाजातून कळतं. रंगमंचासाठी लिहिलेल्या नाटकात बऱ्याच गोष्टी डोळ्यांना दिसणार हे गृहीत धरलेलं असतं. 'तो गुपचूप पेला बदलतो' ही सूचना वाचायची राहिली की पुढचा अख्खा अंक कोणाला कळत नाही. हे आमच्या पहिल्याच वाचनात झालं. विष कोणी घातलं ते नाटक संपल्यावर, चहा पिताना, पुस्तक पुन्हा उघडून शोधावं लागलं.

मोठं नाटक घेण्याआधी वेळ मोजा. कुठलंही मधलं पान घड्याळ लावून मोठ्याने वाचा आणि पानांच्या संख्येने गुणा. आमच्याकडे छापील नाटकाचं एक पान दीड ते दोन मिनिटं घेतं. म्हणजे नव्वद पानांना सव्वादोन ते तीन तास, शिवाय चहा. जमत नसेल तर एका संध्याकाळी एक अंक.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' घेऊन पाहा. हौशी नाटकमंडळी एका गावात येतात, वेळ घालवायला खोटा खटला उभा करतात आणि खेळता खेळता तो खरा होत जातो. १९६७ साली रंगायन या नाट्यसंस्थेने ते रंगमंचावर आणलं. रहस्यनाट्य म्हणून कोणी त्याचं नाव घेत नाही, पण तपास, साक्षी, उलटतपासणी आणि हळूहळू उघडं पडणारं सत्य असा सगळा ऐवज त्यात आहे. बेणारे, सामंत, सुखात्मे, काशीकर, त्यांची बायको, पोंक्षे, कर्णिक आणि रोकडे ही आठ मोठी पात्रं, आठ माणसांना पुरतात. तिसऱ्या अंकात बेणारे बराच वेळ काहीच बोलत नाही. आमच्याकडे ती भूमिका कॉलेजातल्या एका मुलीकडे होती. तिने त्या वेळात कागद उलटा करून मांडीवर ठेवला आणि खाली बघत बसून राहिली. पडवीत कोणी हललं नाही. नाटक वाचणं म्हणजे अभिनय नव्हे असं मीच सगळ्यांना सांगत असते, पण त्या दिवशी मी गप्प बसले.

जुन्याची हौस असेल तर गोविंद बल्लाळ देवलांचं 'झुंझारराव' आहे, शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून केलेलं. एका हातरुमालावरून संशय कसा पेटतो याचं ते नाटक. वि. वा. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मध्ये, म्हणजे मराठी 'मॅकबेथ'मध्ये, खूनही आहे आणि भाकीतं सांगणाऱ्या चेटकिणीही. अद्भुत आणि अपराध एका ताटात वाढलेलं यापेक्षा चांगलं नाटक मला माहीत नाही. तरी देवलांची भाषा आधी एकदा मनात वाचून जीभ वळवून घ्यावी लागते.

पुस्तकं आणि नकला

पुस्तक विकत घेण्याआधी वाचनालयात जा. या बाबतीत कोकण नशीबवान. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. चिपळूणच्या वाचनालयात २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी शिरलं आणि पुस्तकं गेली, तरी ते पुन्हा उभं राहिलं. छोट्या गावांतल्या ग्रंथालयांतही नाटकांचं कपाट असतं. बहुतेकदा ते कुलुपात असतं, कारण कोणी मागत नाही. मागा. ग्रंथपालाचा चेहरा खुलतो.

पुस्तक घरी आणण्यापूर्वी तिथेच उभ्याने दोन गोष्टी तपासा. शेवटची पानं जागेवर आहेत ना, आणि कोणी पहिल्या पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं नाही ना. हसू नका. असं करणारे महाभाग प्रत्येक तालुक्यात आहेत.

आता मुख्य अडचण. पुस्तक एक आणि वाचणारे आठ. सगळ्यांना पूर्ण झेरॉक्स देता येते, पण मग शेवटचं पान आठ जणांच्या हातात गेलं. माझ्यासारखी एकही चोरटी त्यात असली की संपलं. शिवाय हक्क असलेल्या अख्ख्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढणं बरोबरही नाही.

त्यावर जुन्या नाटक कंपन्यांची रीत उपयोगी पडते. प्रत्येक नटाला पूर्ण नाटक न देता त्याच्या वाट्याचीच वाक्यं उतरवून देत. त्या कागदांना 'नक्कल' म्हणत. नक्कल पाठ झाली की नट तयार. आपण पाठ करायची नाही, फक्त हातात धरायची. आपलं वाक्य, आणि त्याच्या वर आधीच्या माणसाच्या वाक्याचे शेवटचे चार शब्द, म्हणजे आपली पाळी कधी ते कळतं. ती अशी दिसते:

…तेव्हा दिवा कोणी मालवला?
डॉक्टर: मला काय माहीत? मी माडीवर होतो.

…माडीची कडी बाहेरून होती.
डॉक्टर: (थांबून) पाणी मिळेल का थोडं?

या दोन वाक्यांच्या मध्ये काय झालं, कडी बाहेरून असल्याचं कोणी सांगितलं, यातलं डॉक्टर वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही. त्याला कान देऊन ऐकावंच लागतं. स्वतःच्या नकलेत डोकं घालून बसलेला वाचक ही नाट्यवाचनातली सगळ्यात मोठी कटकट, आणि ती या युक्तीने आपोआप मिटते. आमच्याकडे एकदा खुनी वाचणाऱ्या गृहस्थांना आपणच खुनी आहोत हे तिसऱ्या अंकात कळलं. ते वाक्य वाचून ते थांबले, कागद चष्म्याजवळ नेला आणि म्हणाले, "म्हणजे मीच?"

नकला हाताने उतरवायला वेळ लागतो. एकांकिकेला एक रविवार, मोठ्या नाटकाला चार-पाच संध्याकाळी. हे काम ज्याला शेवट आधीच ठाऊक आहे त्यानेच करायचं, आणि वाचनात त्याने सूत्रधार व्हायचं. पूर्ण पुस्तक त्याच्या एकट्याच्या हातात राहील. रंगसूचना तो वाचेल, कोणी अडखळला तर तोच सावरून घेईल.

पात्रांची वाटणी

बाईचं काम बाईने आणि पुरुषाचं पुरुषाने वाचावं असा नियम करू नका. दशावतारात स्त्रीपार्टी पुरुषच करतात आणि त्यांच्या लुगड्याच्या निऱ्यांना कोणी नावं ठेवलेली मी ऐकली नाहीत. आवाज जुळण्यापेक्षा दोन आवाज वेगळे ऐकू येणं महत्त्वाचं. दोन बहिणींचा प्रवेश असेल तर एकसारख्या आवाजाच्या दोघींना तो देऊ नका, ऐकणाऱ्याला कोण बोलतंय ते कळणार नाही.

गावात ज्याचा वट आहे त्याला इन्स्पेक्टर देण्याचा मोह होतो. नका देऊ. त्याला नोकर द्या. मजा येते आणि तो माणूसही जरा मोकळा होतो.

उच्चारांवरून कोणाला टोकू नये. मालवणी माणूस प्रमाण मराठी वाचताना हेल लावणारच. आमच्या इन्स्पेक्टरकाकू एकदा भरात येऊन छापील वाक्य सोडून म्हणाल्या, "खरा सांग, खंय होतंस तू?" आणि संशयिताने घाबरून मालवणीतच उत्तर दिलं. त्यानंतर पाच मिनिटं नाटक पुस्तकाबाहेर चाललं होतं. लेखकाने माफ करावं.

बसायची जागा, उजेड, आवाज

आषाढात वाचणार असाल तर छपराकडे पाहा. कौलांखाली पाऊस ऐकू येतो पण माणसाचाही आवाज येतो. पत्र्याखाली जोराची सर आली की सगळं बुडालं, ओरडूनही उपयोग नाही. पत्र्याचीच पडवी असेल तर माजघरात बसा.

गोल बसा, एकमेकांची तोंडं दिसतील असे. दिवा डोक्यावर एकच नको, वाचणाऱ्याची सावली त्याच्याच कागदावर पडते. लाईट जाणार हे धरूनच चाला. प्रत्येकाजवळ बॅटरी असावी, आणि शक्यतो मोबाईलची नसावी. बॅटरीसाठी बाहेर काढलेला मोबाईल परत खिशात जात नाही.

खाणं मध्यंतरात. आधी चहा चालतो, पण फणसाचे तळलेले गरे वाचन चालू असताना कधीही वाढू नका. प्रेताजवळ सगळे स्तब्ध उभे आहेत आणि कोपऱ्यातून कुर्रम कुर्रम येतंय, हा प्रकार आमच्याकडे होऊन गेला आहे. कांदाभजीही नकोत, नकला तेलकट होतात.

प्रत्यक्ष वाचताना

सुरुवात कशी करावी हा नवख्यांचा मोठा प्रश्न, कारण सगळे लाजत असतात. आम्ही गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं. देवळात घालतात तसंच, पण गंमतीचं. सूत्रधार म्हणतो, "बा देवा म्हाराजा, आज हय जी काय लेकरा जमली हत, तेंका चष्मो सापडानदे, लाईट ऱ्हवानदे, आणि खुनी कोण ता शेवटापर्यंत कोणाक कळा नको रे म्हाराजा!" बाकीचे ओरडतात, "होय म्हाराजा!" एवढ्याने सगळ्यांचा घसा मोकळा होतो आणि लाजणारा माणूस निदान एकदा तरी मोठ्याने बोललेला असतो. घाटावर किंवा उत्तरेला असाल तर तुमच्याकडचं काहीतरी शोधा, पण सगळ्यांनी मिळून ओरडण्याजोगं काहीतरी असू द्या.

मग सूत्रधाराने पात्रांची ओळख करून द्यावी, प्रत्येकाने हात वर करावा. नाटकातलं घर कसं आहे, दारं किती, जिना कुठे, ते सावकाश सांगावं. रहस्यनाटकात दारांना फार महत्त्व असतं. आम्ही एका पाटीवर खडूने नकाशा काढून मधे ठेवतो.

सावकाश वाचा. अगदी दोनदा सांगते: सावकाश. स्वतःला संथ वाटतं तेवढ्या वेगाने ऐकणाऱ्याला नीट कळतं. हातवारे नकोत, रडणं-किंचाळणं बेताचं. किंकाळी सूत्रधाराने 'किंकाळी' एवढंच वाचलेली जास्त भीतीदायक वाटते, खात्री करून घ्या. खालच्या आवाजातलं वाक्य मात्र खरोखर खाली आणा, लोक पुढे झुकतात.

शेवटच्या अंकाआधी थांबायचं. इथे घाई करू नये, संध्याकाळचा सगळा अर्क या अर्ध्या तासात आहे. प्रत्येकाला चिठ्ठी द्या. तीत तीन गोष्टी लिहायच्या: कोणी केलं, का केलं, आणि कशावरून वाटतं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. नुसतं नाव कोणीही ठोकून देतं. चिठ्ठ्या घडी करून डब्यात, डबा सूत्रधाराकडे. मग भजी, गरे, चहा आणि वाद. वादात सूत्रधाराने तोंड उघडायचं नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. हे फार कठीण आहे. मला जमत नाही म्हणून आता माझे यजमान सूत्रधार असतात.

सासूबाईंना लिहायचा कंटाळा, त्या नातवाच्या कानात सांगतात. त्यांचा अंदाज चारांत तीनदा बरोबर येतो. त्यांनी आयुष्यात एकही रहस्यकथा वाचलेली नाही, पण लहानपणापासून रात्ररात्र जागून दशावतार पाहिला आहे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान करायचं ते ठरतं, पात्रं वाटली जातात आणि संवाद नट उभ्या उभ्या बोलतात. त्यामुळे पाहणाऱ्यालाही प्रत्येक शब्द तोलत ऐकायची सवय लागते. 'तुम्हाला कळतं कसं?' असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जो न इचारता सांगता, तेच्यावर लक्ष ठेव." तेव्हापासून मी रहस्यकथा वाचताना पेन्सिलीने न विचारता दिलेल्या उत्तरांखाली रेघ मारते.

शेवट वाचून झाला की चिठ्ठ्या उघडा, मोठ्याने वाचा. बक्षीस एक नारळ. बरोबर ओळखणारा कोणीच नसेल तर नारळ सूत्रधाराचा.

आणि गुपित पडवीतच ठेवायचं, उद्या बाजारात बोलायचं नाही. लंडनमध्ये ॲगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' १९५२ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. तिथे प्रयोग संपल्यावर खुनी कोण ते बाहेर सांगू नका अशी प्रेक्षकांना विनंती करतात. इतकी वर्षं नाटक चाललं त्यात या विनंतीचा वाटा असणारच. आपण तर आठच माणसं. तरी एकदा आमच्यातल्या एकाने दुसऱ्या दिवशी एसटीत शेवट सांगून टाकला, आणि त्याच गाडीत पुढच्या आठवड्यात ते नाटक वाचणाऱ्या दुसऱ्या वाडीतल्या बायका बसल्या होत्या. त्याला दोन आठवडे फक्त चहा करायला लावलं.

नाटकं संपली की गोष्टी

रहस्यनाटकं मोजकीच मिळतात. मग कथा घ्या आणि तिचं वाचन बांधा. ज्या कथेत बोलणं जास्त आणि वर्णन कमी ती निवडावी. निवेदकाचा एक आवाज, बोलणाऱ्या प्रत्येक पात्राला एक. 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' गाळून टाका, आवाजावरून कळतंच. बाकी एक शब्दही बदलू नका. चांगल्या गूढकथेत शेवटचं वाक्य मोजून मापून ठेवलेलं असतं, ते नेहमी निवेदकाने वाचावं आणि नंतर निदान दहा आकडे मोजेपर्यंत कोणी काही बोलू नये. पावसाची रिपरिप, बेडकं, बाहेर पागोळ्या. ते दहा आकडे आमच्याकडे मुलं मनात मोजतात आणि अकराव्याला एकमेकांना भॉक करतात.

भुतांच्या रात्री मात्र एक अडचण येते. कोणीतरी हमखास म्हणतो, "ह्या काय, आमच्या आजोबांक खरोच चकवो लागलेलो." मग देवचार, मुंजा, खवीस, राखणदार सगळे हजेरी लावतात आणि पुस्तक बाजूला पडतं. पहिल्यांदा मी चिडले होते. आता अशा रात्री पुस्तक मिटूनच ठेवते.

लोकांसमोर करायचं झालं तर

घरात आपापसांत वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. गणपतीच्या मंडपात किंवा शाळेत लोकांसमोर वाचायचं तर हक्कांचा विचार करा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतात. देवल १९१६ साली गेले, राम गणेश गडकरी १९१९ साली, त्यांची नाटकं केव्हाच सर्वांची झाली. तेंडुलकर, मतकरी, खानोलकर यांचे हक्क अजून आहेत. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे, तरी लेखकाच्या घरच्यांना किंवा प्रकाशकाला एक पत्र टाकावं. तिकीट किंवा देणगी प्रवेशिका लावणार असाल तर लेखी परवानगी घ्यायलाच हवी.

पुस्तक वाचनालयात वेळेवर परत करा, पुढची मंडळी थांबलेली असतात. आणि देण्याआधी खोडरबर घेऊन बसा. पहिल्या पानावरचं खुन्याचं नाव तर खोडाच, पण मी मारलेल्या रेघाही राहून गेलेल्या असतात. न विचारता दिलेल्या प्रत्येक उत्तराखाली एक.